अंगणातलं ठिगळ

"बसा जावईबापू, बसा. उन्हात येऊ नगा," मामा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हातोडा उचलला.

मी बसलो. दुसरं काय करणार? ओसरीवर माझ्यासाठी खास खुर्ची मांडली होती. खुर्चीवर माझ्या बायकोने, शैलाने, शाळेत असताना भरतकाम केलेली उशी होती. हातात चहाचा तिसरा कप होता. आणि समोर भर उन्हात माझे सासरे डोक्याला टॉवेल गुंडाळून अंगणातल्या फुटक्या कोब्याच्या खपल्या काढत होते. धडधाकट जावयाने सावलीत चहा पीत बसावं आणि साठी उलटलेल्या सासऱ्याने घाम गाळावा, हे दृश्य रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून बघत होता. मी दोनदा उठलो, दोनदा "बसा" ऐकून खाली टेकलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. आनंदराव थोरात, तासगाव. एसटीत नियंत्रक होते. स्टँडवरचा कर्णा बंद पडला तरी गाड्या अडायच्या नाहीत, असा त्यांचा आवाज. निवृत्त झाल्यावर तो सगळा आवाज घरात आला. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी दूधवाल्याला "दूध हाय का धुण्याचं पाणी रं?" म्हणून झापलं होतं. सासूबाईंना, म्हणजे मामींना, चष्मा हरवल्याबद्दल बोलले होते, आणि चष्मा स्वतःच्याच कपाळावर सापडल्यावर "मग सांगायचं न्हाई व्हय?" म्हणून पुन्हा बोलले होते. शैला तर "खुळे" या नावानेच त्या घरात वाढली होती. मांजरालासुद्धा सोडलं नव्हतं. मला मात्र एकच वाक्य: "बसा जावईबापू."

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सांगलीच्या एका शाळेत आम्ही दोघं शिक्षक. मी फलटणचा, अविनाश बारटक्के, वडिलांचं टेलरिंगचं दुकान. शैलाने घरी माझं नाव सांगितलं तेव्हा भावकीत गदारोळ झाला. "थोरातांची पोरगी शिंप्याच्या घरात?" असं मामांच्या थोरल्या भावाने, तात्यांनी, भर बैठकीत विचारलं होतं. मामा त्यावर काही बोलले नव्हते. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, गेले. पुढे मला आदराने वागवायला लागले, आणि तो आदर इतका होता, इतका होता, की माझा जीव नकोसा झाला. एवढा आदर माणूस परक्यालाच देतो. मला त्या घरात पाहुणा म्हणून म्हातारं व्हायचं नव्हतं. पण हे सांगायचं कुणाला आणि कसं? सासरे फार मान देतात, अशी तक्रार घेऊन गेलो असतो तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

त्यात तो अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात जावयाला नारायणाच्या ठिकाणी मानून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात. लग्नानंतरचा आमचा पहिलाच धोंडा. रविवारी सगळी भावकी जेवायला येणार होती, पंगत अंगणात बसणार होती आणि अंगणाच्या बरोबर मधोमध खड्डा होता.

कोबा जुनाच. मधला भाग फुगून तडकला होता. दर वर्षी मामा त्या तडांवर सिमेंट लिंपायचे आणि दर पावसाळ्यात ते खपल्यांसारखं सुटून यायचं. या वेळी त्यांनी नबीलाल मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी येऊन पहारीने मधला भाग उचकटला, "उद्या येतो" म्हणाले आणि गेले. शेजारच्या गावात कुणाचा तरी स्लॅब टाकायचा होता. हातातला स्लॅब सोडून गवंडी कुणाच्या बापासाठी येत नाही. शुक्रवार उजाडला तरी मिस्त्रींचा पत्ता नव्हता. तेव्हा मामांनी सिमेंट, वाळू, खडी मागवली आणि स्वतःच कंबर कसली.

ती कंबरच दगा देऊन गेली. पत्र्यावर कोरडा माल कालवून झाला होता. मामा पाण्याची बादली उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आई गं!"

"काय झालं?" मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"उसण भरली. हात लावू नगा कुणी! आगं, हात लाव की कुणीतरी!"

मी आणि शैलाने त्यांना धरून ओसरीवरच्या खाटेवर आणलं. मामींनी वीट तापवली, फडक्यात गुंडाळून कंबरेखाली दिली. मामा आढ्याकडे बघत कण्हत होते, पण चिंता कंबरेची नव्हती.

"रविवारी भावकी खड्ड्यात जेवंल आता," ते म्हणाले. "तात्या तर वाटच बघतोय."

मी शर्ट काढून खुंटीला अडकवला. बनियनवर अंगणात उतरलो.

"जावईबापू!" खाटेवरून आवाज आला. "काय करताय? धोंड्याला आलाय तुम्ही! गल्ली काय म्हणंल? नारायणानं घमेलं उचलायचं?"

"उचललं तर पाप कुणाला लागतं?" मामींनी विचारलं.

"आपल्याला!"

"मग लागू दे. खड्ड्यात पडून तात्यांचा पाय मोडला तर त्येचं बी लागंलच की."

 मी पहिल्यांदा खड्ड्यापाशी उकिडवा बसलो आणि नीट पाहिलं. मिस्त्रींनी आणि मामांनी काढलं होतं ते जेमतेम वरवरचं. खड्ड्याची कड दातऱ्यादातऱ्यांची होती, बोट लावलं की खडी सुटून हातात यायची. बाजूचा कोबा हातोड्याने ठोकला तर हातभर अंतरापर्यंत पोकळ वाजत होता.

सिमेंटचं मला काही कळत नव्हतं. पण ठिगळाचं कळत होतं. लहानपणी दुकानात बसून मी कोपराला फाटलेल्या सदऱ्यांना किती ठिगळं लावली असतील, याची गणती नाही. दादा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा कात्रीच हातात द्यायचे. विरलेलं कापड सगळं कापून काढ, चांगलं कापड लागेपर्यंत काप. भोक मोठं झालं तर होऊ दे. विरलेल्यावर शिवलंस तर टाका बसणार कशात? कड सरळ कर. आणि नवं कापड आधी भिजव, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसून सगळं ओढून घेईल.

मी छिन्नी घेतली, खड्ड्याभोवती कोळशाने चौकोन आखला आणि मामांचा धड दिसणारा कोबा फोडायला सुरुवात केली.

"जावईबापू," खाटेवरून हळू, फार सांभाळून आवाज आला, "खड्डा भरायचाय. मोठा न्हाई करायचा."

"मामा, कड कुजलीय. ह्यावर नवीन धरणार नाही."

"आमी कैक वर्सं आसंच करतोय."

"आणि कैक वर्षं दर पावसात निघतंय," शैला म्हणाली.

"तू गप गं, खुळे!" मग माझ्याकडे वळून, "तुमास्नी योग्य वाटंल तसं करा."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्या प्रत्येक ठोक्याला त्यांचा जबडा आवळायचा. एकीकडे त्यांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी त्यांचं अंगण फोडत होतं आणि दुसरीकडे तो कुणीतरी नारायण होता. "पुरे करावं आता," असं ते म्हणाले तेव्हा 'करावं' शब्दावर त्यांना घाम फुटला होता.

शेजारच्या शेवंताकाकू कुंपणावरून डोकावल्या. "अगंबाई! जावयाला कामाला लावलंय की!"

"लावलं न्हाई, सोताच लागलाय," मामी घमेलं टेकवत म्हणाल्या. "तुझा जावई आला की बघू, जेवल्यावर ताट तरी सरकावतो का."

काकूंचं डोकं कुंपणाआड गेलं, पण जाऊन जाऊन किती लांब जाणार? ते काही वेळाने पुन्हा वर आलं.

चौकोन पुरा झाला, आतलं सगळं काढलं तेव्हा खालची माती धुपून खोलगट झालेली दिसली. ओसरीच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी दर वर्षी पाइपातून तिथेच खाली मुरत होतं. नुसतं वरून कितीही लिंपलं असतं तरी खाली आधारच नव्हता. मी पाइपाचं तोंड गटाराकडे वळवलं. शैलाने मुरूम ओतला, मी धुमसाने ठोकला, पाणी मारलं, परत ठोकला. मग चौकोनाच्या चारी कडा झाडून, धुऊन भिजवल्या.

"हे भिजवायचं कुठं शिकलात?" मामांनी विचारलं. आवाजात खरंच कुतूहल होतं.

"दुकानात. दादा ठिगळ लावायच्या आधी नवं कापड भिजवायला लावायचे. तुमचा जुना कोबा कोरडा ठेवला तर नव्या मालातलं पाणी पिऊन टाकेल असं वाटलं."

मामा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

इथपर्यंत माझं ठीक चाललं होतं. पण शिंप्याची विद्या इथेच संपली. पत्र्यावरच्या मालात पाणी घालायची वेळ आली. मी तांब्याने पाणी घातलं, फावड्याने कालवलं. माल जड, फावडं हलेना. हात भरून आले होते. वाटलं, थोडं सैल केलं तर आपोआप पसरेल, चोपायची कटकट नाही. मी बादली उचलली आणि सरळ ओतली.

"आरं ए शहाण्या!"

शेवंताकाकूंच्या कुंपणावरचा कावळा उडाला.

"आमटी करतुयास व्हय? आँ? काँक्रीट हाय का सार? आक्की बादली वतली, आक्की! आठ दिसांत तडकंल ते! आरं रताळ्या, तुला कुनी सांगितलं हुतं एवढं पानी..."

आणि मामा थांबले. तोंड उघडंच राहिलं. मामी हातातल्या घमेल्यासकट थिजल्या. शैलाने ओठ दाताखाली धरला. सगळ्या अंगणात माझ्या बादलीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज होता.

मला कसं वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. फावडं टाकून उडी मारावी इतका आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने माझ्याकडे पाहून मला काहीतरी म्हटलं होतं. मी म्हणालो, "मग आता काय करू?"

पण मामांनी खाटेवर पडल्यापडल्या दोन्ही हात जोडले.

"माफ करा जावईबापू. तोंडातून गेलं. नारायणाला असं बोललो. धोंड्याच्या महिन्यात." त्यांच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती. "त्यात थोडी वाळू-खडी आन् सिमेंट वाढवावं. जमलं तर. तुमास्नी योग्य वाटंल तसं."

मी माल घट्ट केला. भरला, थापीने चोपला, फळीने सपाट केला. शैला कडा दाबत होती. काम चांगलं झालं. पण उडी मारायचं मन पार बसलं होतं. मामांनी नंतर एक शब्दही चढ्या आवाजात काढला नाही. मांजर खाटेवर चढलं तरी त्याला "जा बाबा" म्हणाले.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. मामी पुरणाची डाळ निवडत होत्या.

"मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांचं तोंडच तसं हाय. जेवले सुदिक न्हाईत अजून. सारखं म्हणत्यात, पोरीच्या नवऱ्याला बोललो."

"मामी, मला बरं वाटलं."

"आँ?"

"ते ओरडले तेव्हा. मला बरं वाटलं. नंतर हात जोडले, त्याचं वाईट वाटलं."

मामींनी डाळीचं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या की शैला बाहेरून विचारायला आली. मामींनी तिला काही सांगितलं नाही. मामांना सांगितलं का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

नव्या कोब्यावर ओली पोती अंथरली होती. ती सतत ओली ठेवायची, नाहीतर उन्हाने नवा माल आकसून तडकतो. शनिवारी मी बादली घेऊन निघालो की खाटेवरून "तुम्ही बसा" यायचं आणि मामा वाकड्या कंबरेने, भिंत धरत, तांब्यातांब्याने पाणी मारायला यायचे. मी खुर्चीवर. पुन्हा उशी, पुन्हा चहा.

रविवारी भावकी आली. मंडपाखाली सतरंज्या पडल्या, पोत्यांचा चौकोन मध्ये सोडून पंगत दोन्ही बाजूंनी धरली होती. तात्या आले ते काठी टेकत थेट चौकोनापाशीच गेले. काठीने एक पोतं बाजूला सारलं.

"आनंदा, मिस्त्री कुठला धरलास? कड एकदम सरळ हाय."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाय एक."

तात्यांनी मान हलवली. मी चपलांकडे बघत उभा राहिलो. कळत होतं मला. जावयाला धोंड्याला बोलावलं आणि खड्डा भरायला लावलं, हे भावकीला सांगायचं कसं? मामांची बाजू अगदी बरोबर होती. तरी ते 'हाय एक' मला लागलंच.

मला पाटावर बसवलं. भोवती रांगोळी. अंगावर मामांनी आणलेला नवा पोशाख, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध. शैला शेजारच्या पाटावर. समोर तात्या, त्यांच्यामागे साऱ्या काका-काकूंची रांग. मामींच्या हातात तबक, तबकात अनारसे आणि निरांजन. मामा माझ्यासमोर पाटाखाली बसले, माझ्या पायांवर पाणी घालायला त्यांनी तांब्या उचलला. मी पाय आखडून घेतले. ते म्हणाले, "असू द्या, नारायणाचे पाय हायत."

तांब्या तसाच हवेत थांबला. मामांचं लक्ष माझ्या पायांवर नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मीही वळून पाहिलं. मंडपाच्या कापडाला फट होती, तिच्यातून ऊन सरळ चौकोनावर उतरलं होतं. तात्यांनी सारलेलं पोतं तसंच पडलेलं. बाकीची पांढरी फटक वाळलेली.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा जबडा आवळला, सुटला, पुन्हा आवळला.

"आरं अव्या, बघतुयास काय!" स्टँडवर गाडी सोडताना सोडायचे तो आवाज सगळ्या मंडपात घुमला. "पोती वाळली की समदी! ऊठ, पाणी मार आदी! नारायण मागनं हो!"

निरांजनाची ज्योत हलली म्हणजे काय झालं असेल बघा. काकूंच्या रांगेतून "अगंबाई" आलं. तात्यांची काठी खाली पडली.

"आनंदा! अरे, धोंड्याला पाटावर बसलेल्या जावयाला असं बोलत्यात?"

मामा गुडघ्यावर हात ठेवून, कंबर सांभाळत उभे राहिले.

"ताट वाढलं की जावई," ते म्हणाले. "तवर घरचं पोरगं हाय. आन् तात्या, इचारत हुतास न्हवं मिस्त्री कोण? ह्योच. कड त्यानंच कापलीया, मुरूम त्यानंच ठोकलाय. मग पाणी काय मी मारू, ह्या कंबरेनं?"

मी पाटावरून उठलो ते बादलीकडे पळतच गेलो. उपरणं वाटेत कुठेतरी पडलं. हौदातून बादली भरताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलं होतं. एवढ्या माणसांसमोर तसं तोंड घेऊन कुठे जाणार, म्हणून मी सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो आणि बादली पोत्यांवर रिकामी केली.

"आरं कडंनं मार, कडंनं!" मागून आवाज आला. "मधी काय वततुयास, खुळ्या!"